परिभ्रमण : धार आणि देवासच्या शिवारातील शिक्षण

मुलांना निसर्गाविषयी माहिती देणे आणि मुलांना निसर्गात नेऊन शिकू देणे या दोन गोष्टींना आपल्याकडे ‘पर्यावरण शिक्षण’ हे एकच नाव दिले जाते; मात्र पहिलीत प्रश्न आणि उत्तर ही दोन्ही पुस्तकाची असतात, तर दुसरीत निदान प्रश्न तरी मुलाचा असतो, आणि तेवढ्या एका फरकामुळे शिक्षकाची भूमिका, परीक्षेची रीत, वेळापत्रक आणि शाळेच्या आवाराची हद्द या सगळ्यांचा नव्याने विचार करावा लागतो. मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागातील धार आणि देवास या जिल्ह्यांत हा विचार गेल्या चार दशकांत दोन निरनिराळ्या मार्गांनी झाला. आधी स्वयंसेवी संस्था, विद्यापीठांतील वैज्ञानिक आणि सरकारी शाळांतील शिक्षक यांनी तो मिळून केला, आणि पुढे वनखात्याच्या शिबिरांतून तो वेगळ्या रूपात आला. वर्गाबाहेरच्या शिक्षणात जागा बदलली की अभ्यासक्रमही बदलतो, म्हणून या प्रयत्नांकडे वळण्यापूर्वी ती जागा समजून घेणे आवश्यक ठरते.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावलेल्या पवार घराण्याच्या शाखांनी येथे राज्य केले. तुकोजी आणि जिवाजी या बंधूंमुळे देवासमध्ये थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली, आणि १९४८ मध्ये ती धारसह मध्य भारतात विलीन झाली. त्याच वर्षी कुमार गंधर्व देवासला राहायला आले, दीर्घ आजारात कानावर पडणारी माळवी लोकगीते त्यांनी मनात साठवली आणि पुढे त्यांतून ऋतूंचे संगीत उभे केले. एखाद्या प्रदेशाकडे लक्षपूर्वक कान देण्याचे याहून मोठे उदाहरण माळव्यात सापडणे कठीण आहे. तथापि या राजकीय आणि सांगीतिक नात्याखाली आणखी जुने एक नाते आहे आणि ते दगडाचे आहे. सह्याद्री ज्या काळ्या कातळाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या आणि थरांवर थर साचून थंड झालेल्या लाव्ह्याचा बनला आहे, त्याच कातळावर माळव्याचे पठार उभे आहे, आणि कापसाची काळी माती दोन्हीकडे त्याच कातळाच्या झिजेतून तयार झाली आहे.

धार जिल्ह्याची रचना तर भूगोलाच्या शिक्षकाने मुद्दाम मागून घ्यावी अशी आहे. जलविभाजक म्हणजे जमिनीचा असा उंचवटा की ज्याच्या दोन बाजूंना पडलेले पाणी दोन वेगळ्या नद्यांकडे जाते, आणि या जिल्ह्यात असे जलविभाजक तीन खोऱ्यांना वेगळे करतात. उत्तरेकडे उतरणारे पाणी चंबळेतून यमुनेला आणि शेवटी गंगेला मिळते. सरदारपूर तहसिलातील मिंडा गावाजवळ उगम पावणारी मही फिरत फिरत खंभातच्या आखाताला जाते. आणि विंध्याच्या कड्यावरून खाली निमाडात कोसळणारे ओढे मान, उरी, बाघनी अशा नद्यांच्या वाटेने नर्मदेत पडतात. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यातील पाण्याची वाटणी नकाशावर एका बारीक रेषेने दाखवली जाते, पण धारच्या पठारावर ती रेषा एखाद्या शेताच्या बांधावरून जाते आणि पावसाळ्यात इयत्ता सहावीचे मूलही तिच्यावर उभे राहू शकते. देवास जिल्ह्यातही बागलीच्या परिसरात उगम पावणारी कालीसिंध उत्तरेला वाहते आणि जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर नर्मदा पश्चिमेला जाते.

या प्रदेशात मुलांना शिवारात नेण्याची शिस्तबद्ध पद्धत आली ती होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून. ‘किशोर भारती’ आणि रसूलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे तिकडच्या व्यवस्थेप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांत, हा कार्यक्रम सुरू केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले, आणि १९७८ मध्ये शासनाने तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांना लागू केला. १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली, तिचे एक केंद्र देवासला उभे राहिले, आणि त्यानंतरच्या वर्षांत कार्यक्रम माळवा-निमाडातील जिल्ह्यांत शालेय संकुलांच्या मार्गाने पसरला. शालेय संकुल म्हणजे एका उच्च माध्यमिक शाळेभोवतीच्या शाळांचा गट, ज्यातील शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून आपापल्या अडचणी मांडत. धार आणि देवास हे जिल्हे या विस्तारात आले. पुढे हा कार्यक्रम १५ जिल्ह्यांत पोहोचला, आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला.

या कार्यक्रमाचे पुस्तक ‘बाल वैज्ञानिक’ या नावाचे होते आणि त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येई, तो म्हणजे परिभ्रमण. सहलीला निघालेला वर्ग जे दिसेल ते पाहतो. परिभ्रमणाला निघालेला वर्ग काही ठरवून शोधायला जातो, चारचार मुलांच्या टोळ्यांत विभागून नमुने गोळा करतो, वहीत नोंद करतो आणि परत येऊन त्या नोंदींवर वाद घालतो. त्याचे उत्तम उदाहरण म्हणून मुळे आणि पाने यांच्यावरील प्रकरणाकडे बोट दाखवता येते. मुलांनी शाळेच्या आसपासच्या शेतातून, पडीक जमिनीतून आणि बांधावरून निरनिराळी लहान रोपे मुळासकट उपटून आणायची, प्रत्येकाच्या पानावरील शिरा पाहायच्या, त्या जाळीसारख्या आहेत की एकमेकींना समांतर आहेत हे लिहायचे, मग मुळे पाहायची आणि एकच जाड मूळ खाली गेले आहे की झुपक्यासारखी अनेक बारीक मुळे आहेत हे लिहायचे. गहू, ज्वारी, मका, हरळी यांच्या रांगेत समांतर शिरा आणि तंतुमुळे, तर हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या रांगेत जाळीदार शिरा आणि सोटमूळ अशी जोडी मुलांच्या डोळ्यांसमोर तक्त्यातून आपोआप उभी राहते. त्यानंतर शिक्षक नुसते पान दाखवून मूळ कसे असेल असे विचारतो, मुले अंदाज बांधतात आणि रोप उपटून तो पडताळतात. निरीक्षण, वर्गीकरण, नियम, भाकीत आणि पडताळा ही विज्ञानाची सारी वाट एका दुपारी, एक पैसाही खर्च न करता, गावाच्या पांदीत चालून होते, आणि एखादे रोप नियमात बसले नाही तर शिक्षकालाही ठाऊक नसलेल्या प्रश्नापाशी सगळा वर्ग येऊन थांबतो.

अशा वर्गाची परीक्षा पाठांतरावर घेणे विसंगत ठरले असते, म्हणून या कार्यक्रमात परीक्षेला पुस्तक आणि वही जवळ बाळगण्याची मुभा होती आणि लेखी परीक्षेबरोबर प्रयोगाची परीक्षाही होती. मुलांचे न सुटलेले प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका कल्पित पात्राला पत्राने पाठवता येत आणि त्यांना उत्तरे जात. १९८५ मध्ये ‘एकलव्य’ने सुरू केलेल्या ‘चकमक’ या बालविज्ञान मासिकामागे हीच जिज्ञासा होती. महाराष्ट्राशी या परंपरेचा धागा जुळलेला आहे. होशंगाबादच्या दिवसांत काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून रचनेची खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम करू लागले, आणि त्यांची खेळणी मराठी शाळांतील कित्येक मुलांच्या हातात आली.

कार्यक्रम बंद झाला तेव्हा त्याच्याबरोबर नेमके काय गेले, हे सांगणे सोपे नाही. पुस्तके पुन्हा छापता येतात आणि साहित्याचे संच पुन्हा जुळवता येतात; परंतु महिन्यातून एकदा शेजारच्या शाळेतील शिक्षकाला भेटून, आपल्या मुलांनी विचारलेला प्रश्न आपल्यालाही सुटला नाही हे मोकळेपणाने सांगण्याची सवय वीस वर्षांत घडली होती, आणि ती सवय शासकीय आदेशाने पुन्हा निर्माण करता येत नाही. या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी हानी ती आहे.

परिभ्रमणाचा हा विचार धार जिल्ह्याला लावून पाहिला तर त्याची खोली आणखी वाढते, कारण बाघ आणि कुक्षी यांच्या आसपास लाव्ह्याखालचे थर उघडे पडले आहेत. बाघच्या लेण्या कलेच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. भूशास्त्रात मात्र हे नाव ‘बाघ थर’ या चुनखडी-वालुकाश्माच्या थरांसाठी घेतले जाते. लाव्हा येण्याच्या पुष्कळ आधी नर्मदेच्या खोलगट पट्ट्यातून समुद्र आत शिरला होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या या थरांत शिंपले, समुद्री अर्चिन आणि शार्कचे दात सापडतात. त्यांच्यावरचा आणि लाव्ह्याखालचा ‘लमेटा’ हा थर डायनोसॉरच्या अंड्यांसाठी ओळखला जातो. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात धार जिल्ह्यातील ९२ घरटी आणि त्यांतील २५६ अंडी यांची नोंद झाली. ही अंडी टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अवाढव्य शाकाहारी डायनोसॉरांची होती. या संशोधकांत दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर धार जिल्ह्यातील शाळेत शिकवणारे विशाल वर्मा यांचेही नाव आहे, आणि येथील जीवाश्म शोधण्यात व जपण्यात त्यांनी अनेक वर्षे घालवली आहेत. शाळेचा शिक्षक आपल्या परिसरात पायी फिरून जगाच्या ज्ञानात भर घालू शकतो, ही गोष्ट शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात सांगितली गेली पाहिजे. बाघजवळ सुमारे ९० हेक्टरांचे डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान २०११ मध्ये घोषित झाले.

याच भागातील पाडल्या गावात शेत नांगरताना मिळणारे गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या ‘काकड भैरव’ म्हणून पुजले जात. काकड म्हणजे शेतशिवार, आणि भैरव त्याचा राखणदार. लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी हे गोल दगड टायटॅनोसॉरची अंडी असल्याचे ओळखले आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ही बातमी देशभर गेली. तिचा सूर बहुतेक ठिकाणी असा होता की गावकरी अजाण होते आणि वैज्ञानिकांनी त्यांना जागे केले. हा सूर अन्यायाचा आहे. हे दगड साधे नाहीत, इतर दगडांहून वेगळे आहेत आणि ते फोडू नयेत, एवढे निरीक्षण गावाने केलेच होते, आणि ती अंडी टिकून राहिली यात त्या पूजेचाही वाटा आहे. अशा गावातील शाळेत जीवाश्म शिकवताना मुलाच्या घरातील देव खोटा ठरवण्याची गरज नाही. आजीने जपलेली वस्तू साडेसहा कोटी वर्षांहून जुनी आहे हे कळल्यावर मुलाच्या मनातील आदर वाढतोच.

धारचे दुसरे उघडे दालन म्हणजे सरदारपूरचे गवताळ रान. माळव्यात राखीव कुरणाला ‘बीड’ म्हणतात, आणि या बिडांत पावसाळ्यात तणमोर येतो, ज्याला हिंदीत खरमोर हे नाव आहे. कोंबडीएवढ्या आकाराचा हा माळढोकाच्या कुळातील पक्षी विणीच्या काळात मादीचे लक्ष वेधण्यासाठी गवतातून उभाच उभा उंच उडी घेतो, आणि नर दिवसभरात अशा शेकडो उड्या मारतो. त्याच्यासाठी १९८३ मध्ये सरदारपूर अभयारण्य घोषित झाले. २०२१ पासून तणमोर जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त, म्हणजे नष्ट होण्याच्या अगदी काठावरचा, गणला जातो. सोयाबीनच्या प्रसाराबरोबर, म्हणजे १९७० नंतर, माळव्यातील पावसाळी पडीक जमीन आणि गवताळ रान झपाट्याने नांगराखाली गेले, कीटकनाशकांनी टोळ-नाकतोडे कमी केले, आणि दुसरीकडे अभयारण्याच्या हद्दीतील गावांना जमिनीच्या खरेदी-विक्रीवरील निर्बंध सोसावे लागले. या गावांतील मुलाने तणमोराबद्दल घरात ऐकलेले बोलणे प्रेमाचेच असेल असे नाही. तरीही निसर्गशिक्षणाने हा अवघड भाग टाळू नये. बापाचा सातबारा आणि पक्ष्याचे घरटे एकाच गवतात का अडकले, हा प्रश्न तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला कळतो, आणि तो विचारू दिला नाही तर पक्षी वाचवा ही घोषणा त्याला परक्यांची वाटते.

देवासची कथा पाण्याची आहे. चामुंडा टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरातील लहानमोठी तळी उद्योगवाढीच्या काळात बुजत गेली, विहिरींची जागा कूपनलिकांनी घेतली, भूजल खाली खाली गेले, आणि १९९० च्या उन्हाळ्यात इंदूरहून रेल्वेने पाणी आणण्याची वेळ आली. अनुपम मिश्र यांनी तळ्यांवरील आपल्या विख्यात हिंदी पुस्तकात या प्रसंगाची नोंद केली आहे. २००६ पासून तत्कालीन जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा काही भाग देऊन शेततळी खोदायला आरंभ केला, त्यांना ‘रेवासागर’ असे नाव मिळाले, आणि टोंकखुर्दच्या परिसरात ही तळी इतकी झाली की हिवाळ्यात तेथे पाणपक्षी दिसू लागले. त्याच जिल्ह्याच्या बागली तहसिलात १९९० पासून ‘समाज प्रगती सहयोग’ ही संस्था आदिवासी गावांत पाणलोटाचे काम करते, आणि नीमखेडा येथील तिच्या केंद्राला बाबा आमटे यांचे नाव आहे. पाणलोट म्हणजे ज्या जमिनीवरचे पाणी एका ओढ्याला मिळते ती सर्व जमीन. हा शब्द मुलांना पाठ असतो, पण आपल्या शाळेच्या छपरावरचे पाणी कोणत्या पाणलोटात जाते हे विचारले की वर्ग गप्प होतो. एक दोरी, तिच्या टोकाला दगड आणि दर पंधरा दिवसांनी गावातील पाच विहिरींच्या पातळीची नोंद, एवढ्या साधनांवर देवास जिल्ह्यातील कोणतीही शाळा पाण्याचा वर्षभराचा आलेख काढू शकते. त्या आलेखावर रब्बीच्या पेरणीनंतर ओलितामुळे येणारा उतार मुलांनी स्वतःच्या हाताने काढलेला असेल, आणि त्याचे कारण शोधताना शेततळे असलेल्या व नसलेल्या शिवारांची तुलना ओघानेच येईल.

अलीकडचा प्रयत्न शासकीय आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. परिणामी पाठ्यपुस्तकांत प्रकरणे वाढली, पण मुलांचे बाहेर पडणे त्या प्रमाणात वाढले नाही. या पार्श्वभूमीवर मध्य प्रदेशात २०१६ पासून वनखाते आणि इकोपर्यटन विकास मंडळ यांनी ‘अनुभूती’ शिबिरे सुरू केली. यात हिवाळ्यात शासकीय शाळांतील मुलांना जवळच्या वनपरिक्षेत्रात एक दिवस नेले जाते, पहाटे पक्षीनिरीक्षण होते, निसर्गवाटेवरून चालताना झाडे, पाऊलखुणा, वारुळे दाखवली जातात, आणि जेवणानंतर प्रश्नमंजूषा, शपथ व बक्षिसे असतात. देवास जिल्ह्याला खिवनीचे अभयारण्य लाभले आहे, जे १९५५ पासून संरक्षित आहे आणि जेथील सागवानी जंगलात वाघाचा वावर आहे. अनेक मुलांसाठी वनरक्षक हा दंड करणारा माणूस असतो, आणि तोच माणूस गुडघ्यावर बसून चिखलातील पाऊलखूण समजावून सांगतो तेव्हा खाते आणि गाव यांच्यातील जुना ताण थोडा सैल होतो. या शिबिरांचे हे योगदान मान्य केले पाहिजे. परंतु एका दिवसात जंगलाची ओळख होते, ओढ लागते. मात्र एखादी गोष्ट बदलताना पाहायला मिळत नाही. शपथेचे शब्द मुलांचे नसतात आणि प्रश्नमंजूषेची उत्तरे आधीच ठरलेली असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद केली आहे. तिला शिबिराची जोड देऊन तीच मुले त्याच वाटेवर चार ऋतूंत चार वेळा नेली, आणि शिबिरातील वनरक्षकाबरोबर परिभ्रमणाची वही दिली, तर दोन्ही परंपरांचे गुण एकत्र येतील.

शिक्षण वर्गाबाहेर नेण्याची ही कल्पना मराठी शिक्षणविचाराला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यातील (आजच्या पालघरमधील) बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलांसाठी काम करताना पाहिले की गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, आणि त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. तिचे नाव कुरणशाळा. शिक्षिका कुरणात जाई, मुलांचे एक लक्ष गुरांवर असे, आणि पाने, बिया, दगड हेच मोजण्याचे आणि ओळखण्याचे साहित्य असे. नर्मदेच्या खोऱ्यात पुढे जीवनशाळा निघाल्या तेव्हाही मुलांची बोली आणि मुलांचे जंगल हाच पाया मानला गेला. धारमधील भिल-भिलाला मुलांना आणि देवासच्या बागली-कन्नौद भागातील कोरकू-गोंड मुलांना गवताच्या जाती, महुआ वेचण्याचा काळ, मध काढण्याची रीत ही घरातून मिळालेली असते. शहरातून आलेला मार्गदर्शक जे शिकवायला निघालेला असतो त्यातील अर्धे त्यांना अवगत असते, आणि ते वहीत उतरवण्याची संधी मात्र त्यांना क्वचितच मिळते.

या ठिकाणी एक ऐतिहासिक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. देवासपासून अवघ्या पस्तीस-चाळीस किलोमीटरांवरील इंदूरमध्ये होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकाराने काम केले आणि १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. मुलांनी आपल्या नदीखोऱ्याची पाहणी स्वतः करावी असे तो मानत असे.

वेळापत्रकाचा प्रश्न मात्र अजून कोणी नीट सोडवलेला नाही. तणमोर जुलै ते सप्टेंबरमध्ये दिसतो आणि शिबिरे डिसेंबर-जानेवारीत भरतात, तेव्हा सरदारपूरचे गवत पिवळे पडलेले असते व पक्षी निघून गेलेला असतो. लमेटाचे थर पीक निघाल्यावर उन्हाळ्यात उघडे दिसतात आणि तेव्हा शाळा बंद असतात. टोंकखुर्दच्या तळ्यांवर पक्षी येतात तो काळ सहामाही परीक्षेच्या जवळ पडतो. धार जिल्ह्यातील मांडवगडावरील गोरखचिंचेची, म्हणजे आफ्रिकेतून शतकांपूर्वी येथे आलेल्या आणि तिकडे ‘मांडव की इमली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाकाय वृक्षाची, गोष्टही अशीच आहे. हिवाळ्यातील शिबिरात मुलांना त्याचा फुगीर, निष्पर्ण बुंधा तेवढा दिसतो. जूनमध्ये शाळा उघडतात त्या सुमारास त्याला पालवी फुटते आणि तळहाताहून मोठी पांढरी फुले लोंबू लागतात. ती संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळे त्यांच्याकडे येतात आणि दुसऱ्या दिवशी ती गळून जातात, त्यामुळे ती पाहायची तर मुलांना शाळा सुटल्यानंतर, दिवेलागणीला तेथे जावे लागते.